वीजप्रकल्पाची रॉयल्टी: राज्याचे बारा, गावाचा एक

जलविद्युत प्रकल्पाच्या परिसरात ‘रॉयल्टी’ म्हटले की ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे येणार, अशी समजूत असते. कागदावर ती रॉयल्टी राज्याची असते. बहुतेक वेळा ती पैशात नसून विजेत मोजतात, म्हणजे विकण्याजोग्या विजेतला ठरावीक हिस्सा राज्याला फुकट द्यायचा. गाव या हिशेबात आले ते बरेच उशिरा.

मुळशी धरणाच्या वेळी, १९२१ ते १९२४ च्या सत्याग्रहात, वाट्याची भाषाच नव्हती. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घ्यायची आणि भरपाई दिली की सरकारच्या लेखी विषय संपला. मावळातले पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरले आणि वीज मुंबईला गेली. कोयनेतही जलाशय साताऱ्यात आणि वीजघर घाट उतरून पोफळीला. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्त पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये, म्हणजे जलाशय भरून दशक उलटल्यावर. भाक्रा धरणात बिलासपूरचे जुने शहर बुडाले. १९६६ च्या पंजाब पुनर्रचनेनंतर त्या विजेत हिमाचलचा हिस्सा किती, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल यावा लागला. आकडा ठरला ७.१९ टक्के. पण तो दावा राज्याराज्यांतला होता, बुडालेल्या घरांना त्यात बाजूच नव्हती.

१२ टक्के मोफत विजेचे सूत्र १९९० च्या आसपास रूढ झाले. डोंगरी राज्यांच्या तिजोरीला त्याने मोठा आधार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त ही वीज ‘मोफत’ नसते. तिचा खर्च उरलेल्या विजेच्या दरात मिसळतो आणि दूरच्या शहरातला ग्राहक तो भरतो. म्हणूनच दर ठरवताना अशी वीज १३ टक्क्यांपर्यंतच धरली जाते. त्यापुढची सवलत दिली तर ती विकासकाच्या खिशातून.

हे १३ आले २००८ च्या केंद्रीय जलविद्युत धोरणातून. बाराच्या वर आणखी १ टक्का वीज स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी द्यायची आणि राज्याने आपल्या बारातून तेवढाच १ टक्का त्यात घालायचा. शिवाय प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला महिन्याला १०० युनिट, तेही वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून १० वर्षेच. गुणाकार केला तर एका घराला मिळून १२ हजार युनिट.

निधीचाही हिशेब करून बघू. समजा, प्रकल्प वर्षाला १० कोटी युनिट विकतो आणि दर आहे ३ रुपये. एक टक्का म्हणजे १० लाख युनिट, ३० लाख रुपये. बाधित पंचायती पाच असतील तर प्रत्येकीला ६ लाख. राज्याने आपला टक्का घातला तर १२ लाख. दोन्ही टक्के धरूनही राज्याकडे ११ टक्के म्हणजे ३ कोटी ३० लाख उरतात. रक्कम अगदीच नगण्य नाही, पण ती ‘निधी’ म्हणून येते आणि ती कशावर खर्च होणार हे सहसा गावाबाहेरच्या बैठकीत ठरते. बाधित कोण, हा आणखी वेगळा गुंता. वीजघराकडे पाणी नेणाऱ्या बोगद्याच्या वरची जमीन संपादित होत नाही. तिथला झरा आटला किंवा घराला तडा गेला तरी त्या कुटुंबाचे नाव यादीत येईलच असे नाही.

आता तो शब्द, ‘रॉयल्टी’. सगळ्या घोळाचे मूळ त्यातच आहे, म्हणून थोडे थांबायला हवे. खनिजांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८९ मध्ये रॉयल्टी हा करच आहे असे लिहिले. २००४ मध्ये पाच न्यायाधीशांचे पीठ म्हणाले की त्या वाक्यात अनवधानाने चूक झाली आहे, म्हणायचे होते ‘रॉयल्टीवरचा उपकर हा कर आहे’. एका गळलेल्या शब्दावर राज्यांचे हजारो कोटी अडकले! शेवटी २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की रॉयल्टी हा कर नाही, खाणकामाच्या हक्कापोटी करारातून येणारा तो मोबदला आहे.

विजेला हे का लागू व्हावे? कारण जलविद्युतची ‘रॉयल्टी’ही राज्य आणि विकासक यांच्यातल्या करारातूनच येते. ती कराराची आहे तोवर टिकते. तोच पैसा कायदा करून घ्यायला गेले की अडचण येते. हिमाचलने २०२३ मध्ये जलविद्युतवर पाणी उपकर लावला. त्याच वर्षी केंद्राने राज्यांना पत्र पाठवून वीजनिर्मितीवर कर लावण्याचा अधिकार त्यांना नसल्याचे बजावले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. उपकर पाण्यावर असल्याचे राज्याचे म्हणणे होते, न्यायालयाला तो वीजनिर्मितीवरचा कर दिसला. या सगळ्या वादात गावाचा टक्का कुणी वाढवून मागितला नव्हता, हे जाता जाता नोंदवलेले बरे.

औष्णिक प्रकल्पाशेजारच्या गावाला तर असा टक्काच नाही. २०१५ पासूनचा जिल्हा खनिज निधी खाणबाधितांसाठी आहे, राखेचा बंधारा दारात असलेल्यांसाठी नव्हे. कोळसाही त्याच जिल्ह्यातला असेल तर वेगळी गोष्ट. एरवी ग्रामपंचायतीच्या हाती इमारतींवरची घरपट्टी, किंवा महाराष्ट्राच्या १९५८ च्या कायद्याप्रमाणे कारखान्याशी करार करून करांऐवजी घेतलेली ठोक रक्कम. बाकी कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा २ टक्के खर्च, पण तो नफ्यावर अवलंबून आणि कुठे करायचा ते कंपनी ठरवणार.

हिमाचलच्या २००६ च्या धोरणात राज्याची रॉयल्टी टप्प्याटप्प्याने चढत जाते: पहिली १२ वर्षे १२ टक्के, पुढची १८ वर्षे १८ टक्के आणि शेवटची १० वर्षे ३० टक्के. चाळिसाव्या वर्षी महिन्याच्या १०० युनिटांना बंद होऊन तीन दशके झालेली असतात. स्थानिक निधीचा टक्का तेव्हाही एकच असतो.