पोटातले कावळे आणि डब्यातला चिवडा

भूक लागली की मराठी माणसाच्या पोटात कावळे कोकलतात. १९१२ साली अमेरिकेत, हार्वर्डमध्ये, वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने हे कावळे खरोखरच पकडायचा प्रयत्न केला. बरेच दिवस सराव करून त्याने एक रबरी नळी गिळायची सवय लावून घेतली. नळीच्या टोकाला फुगा होता. तो जठरात उतरला की त्यात हवा भरायची. जठर आवळलं की फुगा दबायचा आणि बाहेर काजळी फासलेल्या कागदावर रेघ उमटायची. वॉशबर्नच्या हाताशी एक कळ होती. पोटात कळ आली की त्याने हातातली कळ दाबायची, एवढंच त्याचं काम. त्याचे गुरू वॉल्टर कॅनन यांनी दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, तर जठराचं आवळणं आणि भुकेची कळ जोडीने येत होती. कावळे सापडले असं वाटलं.

पण आजारपणामुळे ज्यांचं जठरच काढून टाकावं लागलं, त्यांनाही भूक लागते असं पुढे दिसून आलं. म्हणजे कावळ्यांची घरटी आणखीही कुठेतरी होती.

मला या विषयात रस वाटायला लागला तो ग्रंथालयात बसून नव्हे, तर स्वयंपाकघरात उभं राहून. गेल्या वर्षी मी वजन कमी करायला घेतलं. सकाळ बरी जायची, दुपार निभायची. रात्री साडेनऊला, जेवून जेमतेम तास झालेला असताना, माझा हात आपसूक सासूबाईंच्या पातळ पोह्यांच्या चिवड्याच्या डब्याकडे जायचा. पोट भरलेलं असताना हे काय लागतं? आपल्या भाषेने याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. पोटाला लागते ती भूक, आणि दुसरी ती खा-खा. भूक पिठलं-भाकरीने भागते. खा-खा सुटली की पिठलं-भाकरी समोर असूनही चालत नाही, तिला चिवडाच लागतो. घरी ओळखायची ही सगळ्यांत सोपी खूण आहे. दुपारची उरलेली मेथीची भाजी खायला मन तयार असेल तर ती भूक. नसेल तर ती खा-खा.

आधी भुकेचं पाहू. १९९९ मध्ये जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांना उंदराच्या जठरात एक संप्रेरक सापडलं. त्याचं नाव घ्रेलिन. जेवणाच्या आधी ते रक्तात वाढतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला खबर देतं, आणि जेवल्यावर उतरतं. यात गंमत अशी की घ्रेलिन नुसतं रिकाम्या पोटाला धरून चालत नाही, ते घड्याळही पाळतं. तेहतीस तास उपाशी ठेवलेल्या माणसांच्या रक्तात ते नेहमीच्या जेवणाच्या वेळांना चढलं आणि पोटात कणभरही न जाता पुन्हा उतरलं. आपण म्हणतोच ना, ‘वेळ टळून गेली, आता भूक मेली’. ती मेलेली भूक रक्ताच्या नमुन्यात अशी दिसते.

म्हणून चार वाजताची भूक बऱ्याचदा चार वाजल्यामुळे लागते. वर्षानुवर्षं त्या वेळी चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकलेलं असतं, आणि शरीर त्या वेळेला ताट-पाट मांडून बसतं. हे कळल्यावर माझा एक मोठा गैरसमज गेला. भूक आली की ती वाढत वाढत जाईल आणि शेवटी आपल्याला चक्कर येईल, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ती लाटेसारखी येते आणि ओसरते. एक सूचना मात्र इथेच देते. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना भुकेबरोबर हात थरथरणं, घाम फुटणं, धडधडणं असं झालं तर लाट ओसरायची वाट बघायची नाही. ती रक्तातली साखर खाली गेल्याची लक्षणं असतात. त्यांनी तिथल्या तिथे साखर किंवा ग्लुकोज घ्यावं आणि डॉक्टरांना सांगावं.

आता वजन उतरायला लागल्यावर काय होतं ते बघा, कारण खरी मेख तिथे आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं. हे चरबीच्या पेशींत तयार होतं. शरीरात साठा किती आहे याची वर्दी ते मेंदूला देत राहतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. आपण नव्या जीन्सच्या स्वप्नात असतो आणि मेंदू टँकर बोलवायच्या तयारीत. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये पन्नास जणांची पाहणी प्रसिद्ध केली. दहा आठवड्यांच्या अगदी कमी कॅलरींच्या आहाराने त्यांचं वजन सरासरी तेरा किलोंच्या आसपास उतरलं. वर्षभराने तपासलं, तर थोडं वजन परत आलेलं असूनही भुकेची संप्रेरकं मूळ जागी आलेली नव्हती. त्या माणसांना सुरुवातीपेक्षा जास्त भूक लागत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणारे केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला. वजन एक किलो उतरलं की खाण्याची ओढ दिवसाला साधारण १०० कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरवले म्हणजे शरीर रोज पाचशे कॅलरी जास्त मागायला लागलं. जवळपास दोन वडापाव झाले हे. आणि ही मागणी एक दिवसाची नाही, रोजची.

हे वाचल्यावर ‘तुझ्यात निग्रहच नाही’ म्हणणाऱ्यांचा मला राग येईनासा झाला. त्यांना बिचाऱ्यांना हे ठाऊक नाही.

निग्रहाची सगळ्यांत कडक परीक्षा १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात झाली. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे शोधण्यासाठी ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारी ही तत्त्वाची माणसं होती, आपणहून आलेली. काही आठवड्यांत ती पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली. जेवणाच्या गप्पा थांबेनात. एकेका घासावर रेंगाळायचं, ताटली चाटून पुसून घ्यायची, असं सुरू झालं. मला यूट्यूबवर रात्री अकराला पुरणपोळीचे व्हिडिओ का बघावेसे वाटत होते, याचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं. मी काही त्यांच्याइतकी उपाशी नव्हते, पण पहिल्या महिन्यात ताट फारच रिकामं ठेवलं होतं एवढं खरं. आठवड्याला अर्धा किलोच्या पलीकडे घाई करायची नाही, हा नियम मी त्यानंतर घातला.

खा-खा ही वेगळी गोष्ट. तिचा कारभार चित्रांवर चालतो. चिवड्याचा विचार येतो तेव्हा ‘चिवडा’ हा शब्द येत नाही. डब्याच्या झाकणाचा आवाज येतो, तळलेल्या खोबऱ्याचे काप दिसतात, कढीपत्त्याचा वास येतो. हे चित्र रंगवायला मेंदूला जागा लागते, तीच जागा दुसऱ्या कशाने अडवली की चित्र फिकट होतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला, आणि तेवढ्यानेही ओढ कमी झाली. नाहीशी झाली नाही, कमी झाली. एक्सेटर विद्यापीठात पंधरा मिनिटं झपझप चालून आलेल्यांनी टेबलावरचं चॉकलेट न चाललेल्यांच्या जवळपास निम्मंच खाल्लं. घरात यालाच ‘जरा पाय मोकळे करून ये’ म्हणतात.

खा-खाची दुसरी तऱ्हा दिवाळीच्या फराळात दिसते. एकाच चवीला जीभ लवकर कंटाळते, नवी चव आली की पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर प्रयोग केले. जे खाल्लं ते आवडेनासं होतं, न खाल्लेलं तितकंच हवंसं राहतं. आता फराळाचं ताट डोळ्यांपुढे आणा. चिवडा तिखट म्हणून लाडू, लाडू गोड म्हणून चकली, चकली झाली की शंकरपाळी. कुठलीच चव टिकून कंटाळा आणत नाही, आणि चक्र फिरत राहतं. पंगतीत पोट तुडुंब झाल्यावरही जिलबीला जागा होते ती याच न्यायाने. एका वेळी एकच पदार्थ घेतला तर हात लवकर थांबतो. करून बघा.

मग खावं काय? इथे सल्ल्यांचा बाजार फार मोठा आहे, मी दोन-तीन गोष्टींवरच थांबते. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा द्यायचा आणि दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारायचं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. लोणी घालून केलेल्या क्रोसाँला मिळाले ४७, शेंगदाण्यांना ८४, संत्र्यांना २०२. पहिला नंबर आला उकडलेल्या बटाट्याचा, ३२३. डाएट सुरू केलं की आपण ज्याला पहिल्यांदा घराबाहेर काढतो, तोच. अर्थात उकडलेला. तळल्यावर त्याचे गुण धडाधड उतरले. कारण साधं आहे. २४० कॅलरींचे उकडलेले बटाटे म्हणजे पाव किलोहून जास्त ऐवज, आणि तेवढ्याच कॅलरींचा चिवडा म्हणजे ओंजळभर. जठर ताणलं जाण्याचाही पोट भरल्याच्या भावनेत वाटा असतो, आणि ओंजळभर चिवड्याने ते ताणलं जात नाही.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीतही हेच आहे. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिन नावालाच, तंतू नावालाच, वर तूप आणि दाण्याचं कूट. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि साबुदाण्याची खिचडी यांची एक-एक वाटी खाऊन पुढची जेवणाची वेळ कशी जाते ते पाहिलं, तर तक्ता लागत नाही.

पाण्याचंही असंच. रोल्स यांच्याच १९९९ च्या प्रयोगात बायकांना जेवणाआधी कोंबडी-भाताचा पदार्थ दिला. एकदा नुसता, एकदा सोबत पेलाभर पाणी, एकदा तेच पाणी घालून केलेलं सूप. सूप प्यायलेल्या दिवशी नंतरचं जेवण कमी झालं. नुसतं पाणी पिऊन ते साधलं नाही. म्हणजे ‘भूक लागली की पाणी पी’ या सल्ल्यापेक्षा जेवणाआधी वाटीभर मुगाचं कढण किंवा टोमॅटोचं सार बरं.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एकच सांगते. हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं, दोन आठवडे साध्या जिन्नसांपासून शिजवलेलं. समोर मांडलेल्या अन्नात कॅलरी, साखर, मीठ, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातल्या खाण्यावर माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती.

रात्रीच्या साडेनऊचा हिशेबही लागला. दिवस-रात्र न कळणाऱ्या खोलीत ठेवून केलेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात, शरीराच्या आतल्या घड्याळानुसार भूक संध्याकाळी आठच्या सुमाराला सर्वाधिक आणि सकाळी आठला सर्वांत कमी आढळली. त्यात जागरण आलं की झालंच. शिकागोत २००४ मध्ये बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भरपूर झोपलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांचं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं. प्रयोग छोटा आहे, त्यावर डोलारा उभारू नये. पण रात्री मालिकेचा एकच भाग बघायचा ठरवून तीन बघितले की दुसऱ्या दिवशी मला फरसाणाचं दुकान लांबून दिसतं, एवढं मी सांगू शकते.

ज्यांची खा-खा यातल्या कशानेच हटत नाही, त्यांच्याबद्दल नवी औषधं बरंच शिकवून गेली. जीएलपी-१ हे आतड्यातलं संप्रेरक पोट भरल्याची खबर देतं, पण रक्तात काही मिनिटंच टिकतं. सेमाग्लुटाइड हे त्याचं घडवलेलं रूप इतकं टिकाऊ आहे की आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. २०२५ पासून भारतातही ते आणि टिर्झेपटाइड हे तशाच तऱ्हेचं दुसरं औषध वजनासाठी मिळू लागलं. ते घेणारे अनेक जण सांगतात की डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबली. औषधाचे दुष्परिणाम आहेत, थांबवलं की वजन बरंचसं परत येतं, आणि ते डॉक्टरांशिवाय घ्यायचं नाही. पण सुईने भुणभुण थांबते, तर ती स्वभावदोष कशी असेल?

आमच्या घरात चिवडा बंद झालेला नाही. सासूबाईंना ‘डाएट’ हा शब्द मान्य नाही. ‘अगं, एवढ्याशाने काय होतंय, घे की’ हे वाक्य रोजचं. त्यातच येल विद्यापीठातला २०११ चा एक प्रयोग वाचनात आला. एकच मिल्कशेक, ३८० कॅलरींचा. एकदा ‘१४० कॅलरींचा, हलका’ अशी चिठ्ठी लावून दिला, एकदा ‘६२० कॅलरींचा, चंगळ’ म्हणून. चंगळ समजून प्यायलेल्यांचं घ्रेलिन जास्त उतरलं. तेव्हापासून मी मखाण्याला चिवडा म्हणत स्वतःला फसवायचं सोडलं. रविवारी चार वाजता बशीत मोजका चिवडा घेते, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, आणि खुर्चीत बसून खाते. मग डबा परत सगळ्यांत वरच्या फळीवर, जिथे स्टुलाशिवाय हात पोचत नाही.

गेल्या आठवड्यापासून ते स्टूल फळीखालीच असतं. कोणी ठेवलं, हे घरात कोणी सांगत नाही.