पीसीव्ही ५४ आणि ‘रक्त घट्ट’ होण्याची भानगड

मुंबईतल्या कुठल्याही लॅबचा सीबीसी रिपोर्ट घ्या, हिमोग्लोबिनच्या आसपास पीसीव्ही नावाची एक ओळ असते, तोच हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या औषधाने तो चढतो. वर्षानुवर्षं टेस्टोस्टेरॉन घेणारे लोक, म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं ऑपरेशन झालेले, अंडकोष काढावे लागलेले, क्लाइनफेल्टरवाले (जन्मतः एक एक्स गुणसूत्र जास्त असलेले पुरुष), ट्रान्स पुरुष, आणि हल्ली चाळिशीनंतर ‘लो टी’ (टेस्टोस्टेरॉन कमी) म्हणून सुरू केलेले, यांचं बाकी सगळं ठीक असलं तरी वादाला सुरुवात होते ती याच ओळीवरून. पिंपल्स, टक्कल, छाती वाढणं, अंगाला सूज हे सगळं असतंच, पण ते आरशात दिसतं आणि माणूस स्वतःच डॉक्टरकडे जातो. पीसीव्ही दिसत नाही. उलट बऱ्याच जणांना त्या काळात एकदम फ्रेश वाटत असतं.

त्यात आपली भाषा गोंधळ घालते. आपल्याकडे ‘रक्त कमी आहे’ म्हणजे आजार, त्यावर बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी. त्यामुळे ‘रक्त वाढलंय’ हे घरच्यांना चांगलंच वाटणार, आई म्हणणार बरंच झालं की! मग डॉक्टर म्हणतात ‘रक्त घट्ट झालंय’, आणि घट्ट म्हटल्यावर लगेच आठवते ती रक्त पातळ करायची गोळी, जी बाबांना अँजिओप्लास्टीनंतर चालू असते. मी स्वतः टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या एका ओळखीच्या काकांना पाहिलंय, परळला राहतात, पीसीव्ही ५५ आल्यावर त्यांनी आपणहून ॲस्पिरिन सुरू केली आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट तसाच आला म्हणून लॅबवर चिडले. यात लॅबची काय चूक? ती गोळी प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटू देत नाही, गुठळी होणं अवघड करते, एवढंच तिचं काम. लाल पेशी जेवढ्या होत्या तेवढ्याच राहतात. ‘पातळ’ हा शब्द इथे पूर्ण फसवा आहे आणि तो कोणी तोंडातून काढायलाच नको होता असं माझं मत.

इंग्रजीतूनही फार मदत नाही. रिपोर्ट बघून कोणी पॉलीसायथेमिया म्हणतं, कोणी एरिथ्रोसायटोसिस, दोन्ही म्हणजे लाल पेशी जास्त. पॉलीसायथेमिया व्हेरा हा अस्थिमज्जेचा कॅन्सरच्या वर्गातला आजार आहे, १८९२ साली पहिल्यांदा नीट वर्णन झालेला, आणि २००५ मध्ये त्यामागचा जॅक-टू जीनमधला बदल सापडला. त्यात मज्जा कोणाचं न ऐकता पेशी बनवत सुटते. टेस्टोस्टेरॉनने होतं ते वेगळं, तिथे मज्जा सांगितलेलंच काम करते, फक्त सांगणारा जास्त मोठ्याने ओरडतोय. दोघांना एकच नाव पडलं आणि मग इलाजही एकाचा दुसऱ्याला लागला. पुढची अर्धी भानगड तिथून आलीय.

थोडं मागे जायचं तर १८८९ मध्ये पॅरिसमधल्या एका बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण वाटतंय असं जाहीर केलं, ते आज बहुतेक मनाचा खेळ मानतात. खरा हार्मोन वेगळा काढला गेला आणि प्रयोगशाळेत बनला तो १९३५ मध्ये. सुरुवातीच्या तोंडाने घ्यायच्या मिथाइल प्रकारच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडायचं, ‘टेस्टोस्टेरॉनने लिव्हर जातं’ ही भीती तिथली, सुई-जेलला ती तशी लागू नाही. आणि १९४१ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवरचं एक काम आलं, त्यावरून टेस्टोस्टेरॉन म्हणजे आगीत तेल असं ठरलं ते जवळजवळ साठ वर्षं टिकलं. नंतर जुने कागद उघडून पाहिल्यावर त्यातला टेस्टोस्टेरॉन देण्याचा भाग अगदी एक-दोन पेशंटवर उभा होता असं निघालं. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी बघायला सांगतात ते आजही बरोबरच, पण भीतीचं माप आता कमी झालंय.

रक्ताबद्दल मात्र एक गंमत कोणी सांगत नाही. आज ज्याला साइड इफेक्ट म्हणतो तो एकेकाळी इलाज होता. किडनी फेल झालेल्यांचं हिमोग्लोबिन खाली जातं, कारण किडनीतून येणारा एरिथ्रोपोएटिन कमी पडतो. तो हार्मोन बनवून टोचायची सोय १९८९ मध्ये आली, त्याआधी डायलिसिसवाल्यांना रक्त वाढावं म्हणून नॅन्ड्रोलोनसारखी टेस्टोस्टेरॉनची भावंडंच देत असत. म्हणजे रक्त वाढतं हे डॉक्टरांना पहिल्यापासून माहीत होतं, जिमवाल्यांनी लावलेला शोध नाही तो. का वाढतं हे नीट कळायला पुढची वीसेक वर्षं गेली. लिव्हरमधून हेप्सिडिन नावाचं प्रोटीन निघतं, ते लोहाला कुलूप लावून ठेवतं; टेस्टोस्टेरॉन ते कुलूप सैल करतं, वर एरिथ्रोपोएटिनलाही थोडा धक्का देतं, मग लोह सुटं होऊन मज्जेला मिळतं आणि पेशी वाढतात. हा परिणाम पहिल्या तीन महिन्यांत दिसायला लागतो आणि साधारण वर्षभरात आपल्या पातळीला जाऊन थांबतो.

आता तो किती चढेल हे बऱ्यापैकी ठरतं औषध कसं आत जातं त्यावर. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेलं म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या चार एस्टरचं (तेलात विरघळणाऱ्या रूपांचं) मिश्रण असलेलं २५० मिलिग्रॅमचं तेलकट इंजेक्शन, दोन किंवा तीन आठवड्यांनी एक. स्वस्त, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळणारं (शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, पण मुंबईत कोण कोणाला विचारतं). टोचल्यावर पहिले दोन-चार दिवस पातळी आभाळाला आणि शेवटच्या आठवड्यात जमिनीवर. वरच्या टोकाला मज्जा पेशी बनवते, आणि लाल पेशी जगते साधारण १२० दिवस, म्हणजे पातळी खाली आली तरी वाढलेलं रक्त तिथेच. जेलने रोज थोडं-थोडं जातं म्हणून पीसीव्ही त्या मानाने कमी चढतो, पण जेल महाग, आणि लावलेल्या खांद्याला लहान मूल चिकटलं तर त्याच्या अंगात हार्मोन जातो, २००९ मध्ये अमेरिकेत यावर चौकटीतली वॉर्निंग आली. दहा बाय दहाच्या खोलीत सगळे शेजारी-शेजारी झोपणाऱ्या घराला हा साधा मुद्दा नाही. हजार मिलिग्रॅमचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन, पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरं आणि मग दहा ते चौदा आठवड्यांनी, हे त्यातल्या त्यात सपाट, पण चार मिली तेल सावकाश टोचावं लागतं, नाहीतर तेलाचे बारीक थेंब फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ येते.

मग ५४ आला कुठून? २०१० च्या सुमाराच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो ठळक झाला: हेमॅटोक्रिट ५४ च्या वर गेला तर औषध थांबवा, खाली येऊ द्या, झोपेतला ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, आहे का बघा, मग कमी डोसने परत सुरू करा. २०१८ मध्ये दोन वेगवेगळ्या संस्थांनी सूचना नव्याने लिहिल्या, सुरू करण्याआधीच्या मर्यादेवर त्यांचं एकमत नाही, एक म्हणते ४८ च्या वर असेल तर सुरूच नको, दुसरी म्हणते ५० च्या वर असेल तर आधी कारण शोधा. ५४ मात्र दोघींनीही ठेवला. हा आकडा कुठल्या ट्रायलमध्ये निघालेला नाही. तज्ज्ञ बसले आणि साधारण इथे थांबूया असं ठरलं. नंतर २०२२ मधल्या एका मोठ्या नोंदींच्या अभ्यासात ५२ च्या पुढेच पहिल्या वर्षात हार्ट आणि गुठळ्यांचे प्रकार थोडे जास्त दिसले, म्हणजे ५४ च्या खाली आहे म्हणून निवांत असंही नाही. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की उंच पर्वतांवर राहणाऱ्यांचा हेमॅटोक्रिट याहून जास्त असतो, त्यांना काय होतं? होतं ना, काहींना त्यामुळेच पर्वतावरचा जुनाट आजार होतो आणि त्यांना खाली उतरवावं लागतं. वादाला वाद म्हणून ठीक आहे हे उदाहरण.

आणि सूचनांमधलं मूळ वाक्य ‘डोस कमी करा’ असं असताना प्रत्यक्षात पसरलं ते ‘रक्त काढा’. हे व्हेरावाल्यांकडून उसनं घेतलेलं आहे. त्यांच्यात रक्त काढणं हा जुना आणि सिद्ध इलाज, २०१३ च्या एका ट्रायलमध्ये हेमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवलेल्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू आणि मोठ्या गुठळ्यांचे प्रकार मिळून स्पष्ट कमी दिसले. टेस्टोस्टेरॉनवाल्यांसाठी अशी ट्रायलच झालेली नाही. तरी ते आवडतं कारण त्यात डोसला हात लावावा लागत नाही, जोर तसाच, नंबर खाली. आपल्याकडे त्याला सोयीची जोड मिळाली ती रक्तदान शिबिरांची. मुंबईत गणपतीत, नवरात्रात, नेत्याच्या वाढदिवसाला, प्रत्येक गल्लीत शिबिर, आणि मे महिन्यात लोक गावी गेले की तुटवड्याची बातमी ठरलेली, त्यामुळे देणाऱ्याला पुण्यही वाटतं. टेबलावर निळ्या मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकून बघतात, बुडला की पास, कारण तिथे शोधतायत ते कमी हिमोग्लोबिन, साडेबाराच्या खालचं. टेस्टोस्टेरॉनवाल्याचा थेंब दगडासारखा बुडतो, ताई खूश, बिस्किटाचा पुडा आणि सर्टिफिकेट. फॉर्मवर कुठली औषधं चालू आहेत हा प्रश्न असतो, तिथे किती जण खरं लिहितात देव जाणे.

एका पिशवीला ३५० किंवा ४५० मिली, त्याने पीसीव्ही साधारण दोन-तीन पॉइंट उतरतो आणि डोस तोच असेल तर काही आठवड्यांत परत चढतो. नियमाने पुरुषाला तीन महिन्यांचं अंतर. हौशी लोक ते पाळत नाहीत, या मंडळात एकदा, त्या पेढीत एकदा. मग होतं काय, प्रत्येक पिशवीबरोबर दोन-अडीचशे मिलिग्रॅम लोह बाहेर जातं, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तळाला जातं, आणि माणूस दमायला लागतो, जिना चढताना धाप, पाय अस्वस्थ, मूड खराब. ही सगळी लक्षणं त्याला ओळखीची वाटतात, टेस्टोस्टेरॉन कमी असताना असंच व्हायचं! म्हणून तो डोस वाढवतो. पीसीव्ही परत वर, परत शिबिर. लोहाची गोळी घेतली की पीसीव्ही उडी मारतो, नाही घेतली तर उठवत नाही. या चक्रात अडकलेले दोघे-तिघे मला माहितीयेत आणि एकालाही फेरिटिन तपासायला कोणी सुरुवातीला सांगितलं नव्हतं.

बाकी बातम्यांमध्ये गाजलं ते हृदयाचं प्रकरण. अमेरिकेत २००१ ते २०११ मध्ये चाळिशीपुढच्या पुरुषांमधला वापर तिपटीहून जास्त झाला, जाहिराती धडाक्यात. २०१० मध्ये छापून आलेली एक ट्रायल मध्येच बंद करावी लागली होती, २०९ वयस्कर माणसं, जेलवाल्यांमध्ये २३ जणांना हृदयाचे त्रास, खोट्या जेलवाल्यांमध्ये ५. नंतर २०१३-१४ मध्ये नोंदींवरचे दोन अभ्यास आले, त्यांच्या पद्धतीवर बरीच टीका झाली, तरी २०१५ मध्ये तिथल्या नियामकाने लेबलवर हार्ट ॲटॅक-स्ट्रोकचा धोका लिहायला लावला, नुसतं वय झालं म्हणून द्यायचं औषध नाही हेही, आणि कंपन्यांना मोठी ट्रायल करायला सांगितलं. ती २०२३ मध्ये आली, ४५ ते ८० वयाचे पाच हजारांवर पुरुष, सगळे हृदयविकार असलेले किंवा धोका जास्त असलेले. मोठे हृदयाचे प्रकार ७.० टक्के विरुद्ध ७.३, म्हणजे फरक नाही. पण हृदयाचे अनियमित ठोके, किडनीला अचानक त्रास आणि फुप्फुसात गुठळी हे टेस्टोस्टेरॉनवाल्यांत जास्त, आणि २०२४ मध्ये त्याच ट्रायलमधून फ्रॅक्चरही जास्त निघाले, जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०२५ च्या फेब्रुवारीत नियामकाने जुनी हार्टची ओळ काढायला सांगितली आणि ब्लड प्रेशरची वॉर्निंग सगळ्यांवर घातली.

‘हार्टला सेफ सिद्ध झालं’ असे फॉरवर्ड आपल्याकडे तेव्हापासून फिरतायत. ती ट्रायल जेलची होती हे त्यात नसतं. डोस रक्त तपासून वर-खाली केला जात होता, हेमॅटोक्रिट ५४ च्या पुढे गेला की औषध थांबत होतं. त्या निकालावर इथे कोणी दर पंधरा दिवसांनी २५० टोचून घेत असेल तर तो दुसऱ्याचंच मार्कशीट दाखवतोय.

इस्ट्रोजेनचं थोडक्यात, कारण टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अंगात त्यातच बदलतो. छाती वाढून दुखायला लागली की इस्ट्रोजेन कमी करणारी ॲनास्ट्रोझोलची गोळी, ही सवय बॉडीबिल्डिंगमधून आलीय. पण पुरुषाची हाडं आणि बरीचशी इच्छाही इस्ट्रोजेनवर चालते, इच्छेचं २०१३ च्या एका प्रयोगात नीट दिसलं, म्हणून गोळी सरसकट देणं आता मागे पडतंय. मूल हवं असणाऱ्यांनी तर सुरू करण्याआधीच बोलायला हवं, नव्वदच्या दशकात टेस्टोस्टेरॉनचंच इंजेक्शन आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं गेलं होतं आणि बऱ्याच जणांचे शुक्राणू शून्यावर आले. अशा अभ्यासांच्या एकत्र हिशोबात बंद केल्यावर सहा महिन्यांत ६७ टक्क्यांचे आणि वर्षात ९० टक्क्यांचे परत आले, पण ते निरोगी तरुण होते, दहा वर्षं सुई घेतलेले नव्हते.

परळच्या काकांचं पुढे असं झालं की त्यांच्या नवीन डॉक्टरांनी रक्त काढायला नाहीच म्हटलं. तीन आठवड्यांचा एकच मोठा डोस तोडून आठवड्याला छोटा केला, एकूण बेरीज थोडी कमी, सिगारेट बंद, घोरतात म्हणून झोपेची तपासणी, त्यात ॲप्निया निघाला आणि रात्री मशीन लागलं. सँपल द्यायला ऑक्टोबरच्या उन्हात उपाशी-तहानलेले जाऊ नका, पाणी पिऊन जा असंही सांगितलं, कारण अंगात पाणी कमी असेल तर नुसत्या त्यानेच आकडा वर येतो. पाच महिन्यांनी पीसीव्ही ५०. काकू अजून विचारतात, रक्त उतरलं मग बीट सुरू करू का.