बेसलाइनच्या आत पडलेला पहिला ठसा

टेनिसच्या मातीच्या कोर्टावर पाणी मारून, रोलर फिरवून, चुन्याच्या रेघा ताज्या ओढल्या की पहिली दहा-पंधरा मिनिटं ते कोऱ्या पाटीसारखं असतं. इंदूरला जानेवारीत सात वाजून गेल्याशिवाय धड उजाडत नाही. अशाच एका सकाळी रामबागेतले अण्णा आणि त्यांची नात शेजारी उभं राहून सर्व्हिसचा सराव करत होते आणि मी मफलर गुंडाळून बाकावर बसलो होतो. टोपलीभर चेंडू संपले तेव्हा सहज माझं लक्ष बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेच्या, आतल्या मातीकडे गेलं. अण्णांच्या बाजूचे सगळे ठसे उजव्या बुटाचे होते. नातीच्या बाजूचे सगळे डाव्या बुटाचे, त्यातही चवडा खोल रुतलेला आणि टाच जेमतेम उमटलेली. दोघंही उजव्या हातानं खेळतात, मग असं का?

अण्णा सत्तरीचे, नात सोळाची. विचारलं तर अण्णा म्हणाले, "सर्व्हिस करून जाळीवर जायचं, तर मागचा पाय पुढे टाकायला नको?" नात म्हणाली, "पण आजोबा, तुम्ही जमीन सोडतच नाही!" त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. लहानपणी त्यांना शिकवणाऱ्यांनी बजावलं होतं की दोन्ही पाय जमिनीवरून सुटले की फूट फॉल्ट, म्हणजे पायाची चूक. बास.

आजच्या नियमात असं काही नाही, पण त्यांचे गुरुजी खोटंही बोलत नव्हते. साधारण 1960च्या आसपासपर्यंत सर्व्हिस करताना एक तरी पाय जमिनीला टेकलेला असणं बंधनकारक होतं. त्यामुळे उजव्या हातानं खेळणारा डाव्या पायाचा खुंटा करायचा, त्याभोवती अंग वळवायचा, आणि चेंडू लागला की मोकळा असलेला उजवा पाय पुढे यायचा. नियम बदलला, उडी मारायला मोकळीक मिळाली, पण शिकवणारे जुन्या नियमात घडलेले होते. अण्णा 1960च्या दशकाच्या शेवटी शिकले, तेव्हा नियम गेलेला होता आणि सवय तेवढी उरली होती.

ठशांतला हा फरक म्हणजे जुन्या-नव्या सर्व्हिसमधला निम्मा फरक. उरलेला निम्मा समजायला ताकद येते कुठून ते पाहावं लागतं.

टेनिसच्या चेंडूचं वजन साधारण 58 ग्रॅम. तो ताशी 200 किलोमीटर वेगानं सुटतो तेव्हा त्याच्यात जेमतेम 90 जूल ऊर्जा असते. दहा किलो गव्हाची पिशवी जमिनीवरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायला लागते तेवढीच. म्हणजे ऊर्जेचा प्रश्न नाही, ती कुठल्याही धडधाकट माणसाकडे आहे. प्रश्न वेळेचा आहे. चेंडू तारांवर राहतो फक्त 5 मिलिसेकंद, आणि तेवढ्यात त्याला तो वेग द्यायचा तर सरासरी 65 किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. एकट्या हाताचे स्नायू एवढ्या झटपट काम करू शकत नाहीत. म्हणून ऊर्जा आधी मोठ्या, संथ अवयवांत साठवायची आणि मग छोट्या, हलक्या अवयवांकडे सरकवत न्यायची. ओला पंचा झटकताना मनगट थोडंसंच हलतं, पण टोकाशी फट्‌कन आवाज येतो. शेतातली गोफणही हेच करते.

2000च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या सर्व्हिसचं वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून मापं काढली गेली. कंबरेचं वळणं सेकंदाला सरासरी 440 अंश. छातीचं 870. कोपर सरळ होण्याचा वेग 1510. आणि पुरुष खेळाडूंमध्ये खांद्यातून दंड आतल्या बाजूला फिरण्याचा वेग 2420 अंश. हा वेग पूर्ण सेकंद टिकला असता तर दंड स्वतःभोवती जवळपास पावणेसात वेळा फिरला असता.

ही शेवटची हालचाल घरी बसल्या करून पाहा. कोपर खांद्याच्या उंचीला बाजूला धरा, हाताचा काटकोन करा, पंजा आकाशाकडे. आता कोपर न हलवता पंजा पुढे खाली आणा. दंडाचं हाड जे स्वतःच्या आसाभोवती फिरलं, तीच ती. गावोगाव सांगतात की सर्व्हिस मनगटात असते. मनगटाचा वाटा आहेच, पण मोजमापांत रॅकेटच्या वेगातला सगळ्यात मोठा हिस्सा, निम्म्याच्या आसपास, या दंडाच्या फिरण्याचा निघतो. आणि याबाबतीत जुने-नवे असा भेद नाही. फोनवर मंदगती चित्रण करून अण्णांची आणि नातीची शेवटची काही चित्रं शेजारी लावली, तर चेंडू लागल्यावर दोघांचाही तळवा सारखाच उजवीकडे उलटलेला दिसला.

फरक त्याच्या आधी आहे. नात गुडघे वाकवते आणि जमिनीला ढकलून वर सुटते. धड झपाट्यानं वर जातं, पण हात आणि रॅकेट जडत्वामुळे मागे राहतात. रॅकेट पाठीमागे खाली घसरते, दंड बाहेरच्या बाजूला पार पिळला जातो आणि खांद्याच्या पुढचे स्नायू ताणलेल्या रबरासारखे होतात. हा ताण हातानं दिलेला नसतो, पायांनी दिलेला असतो. पाय आणि धड मिळून सर्व्हिसच्या एकूण ऊर्जेतला निम्म्याहून थोडा जास्त वाटा देतात असा अंदाज आहे. त्या ढकलण्यातून उरलेला वेग म्हणजे उडी. नवशिके उडीची नक्कल करतात ती उडी हेच जोराचं मूळ आहे या गैरसमजातून: आधी हात फिरवतात, मग उडतात. त्यातून बूट तेवढे झिजतात.

हवेत असताना आणखी एक गंमत होते. धड पुढे कलंडत असतं आणि खाली जमिनीचा आधार नसतो, तेव्हा तोल सावरायला काहीतरी उलट दिशेनं जावं लागतं. म्हणून उजवा पाय मागे लाथ मारल्यासारखा उचलला जातो आणि शरीर डाव्या पायावर उतरतं. नातीचा रुतलेला डावा चवडा तो हाच. अण्णांना हे करायची गरजच पडत नाही, कारण त्यांचा खुंटा जमिनीत असतो.

मग आम्ही एक घरगुती प्रयोग केला. फोन सेकंदाला 240 चित्रं घेतो. चेंडू रॅकेटला लागल्यापासून टप्पा पडेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजायचं, अंतर साधारण 18 मीटर धरायचं. नातीच्या चांगल्या सर्व्हिसला 128 चित्रं लागली, म्हणजे 0.53 सेकंद, सरासरी वेग ताशी 121 किलोमीटरच्या आसपास. हवा चेंडूला सतत अडवत असते, तो हिशेब धरला तर रॅकेटवरून सुटताना वेग 145च्या घरात असावा. अण्णांची 168 चित्रं, सुटताना साधारण 110. सत्तरीच्या माणसाला हे कमी नाही. मग नातीला सांगितलं, आता गुडघे न वाकवता, जमीन न सोडता मार. सात-आठ चेंडू जाळीत गेल्यावर जे आत पडले ते 139 चित्रांच्या आसपास. सुटतानाचा वेग दहा-अकरा किलोमीटरनी घटला. एका मुलीच्या डझनभर सर्व्हिस म्हणजे संशोधन नव्हे, हे कबूल. पण गुडघे बांधून घेतलेल्या खेळाडूंवरचे रीतसर अभ्यासही हेच दाखवतात: वेगही उतरतो आणि चेंडू लागण्याची उंचीही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सिडनीच्याच मापांतली दुसरी गोष्ट. पुढचा गुडघा जास्त वाकवणारे आणि कमी वाकवणारे खेळाडू साधारण सारख्याच वेगानं सर्व्हिस करत होते, पण कमी वाकवणाऱ्यांच्या खांद्यावर आणि कोपरावर ताण जास्त येत होता. पायांनी टाळलेलं काम खांद्याला करावं लागतं. सोळा वर्षांच्या मुलीला रोज शंभर सर्व्हिस मारायला लावणाऱ्यांनी वेगाच्या आधी हे पाहावं.

रॅकेटचं काय? जुन्या लोकांचा लाडका मुद्दा असतो की सगळा जोर नव्या रॅकेटमधल्या ग्राफाइटचा आहे. 1997 साली एका टेनिस मासिकानं मार्क फिलिपूसिस या ऑस्ट्रेलियाच्या धडाकेबाज सर्व्हरच्या हातात त्याची नेहमीची रॅकेट आणि जुनी लाकडी रॅकेट आळीपाळीनं दिली. नेहमीचीनं सरासरी ताशी 124 मैल, लाकडीनं 122. फरक तीन-साडेतीन किलोमीटरचा! नव्या रॅकेटनं दिलं ते मोठं डोकं, चूक पोटात घालणारा मोठा पट्टा आणि फिरकी. या भरवशावर खेळाडू पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी सर्व्हिसही जोरात मारू लागले, हा बदल मोठाच. पण पहिल्या सर्व्हिसचा निव्वळ वेग अंगातून येतो.

जुन्या काळाच्या वेगाचे आकडे मात्र जपून वाचावेत. अमेरिकेच्या बिल टिल्डेननं 1931 साली ताशी 163 मैलांची, म्हणजे 262 किलोमीटरची सर्व्हिस केली असं अजून सांगितलं जातं. स्पर्धांमध्ये रडार गन रुळल्या त्या 1990च्या आसपास, आणि चेंडूचा वेग वाटेत कुठे मोजला यावर आकडा हलतो. रॅकेटवरून सुटलेला चेंडू समोरच्याच्या रॅकेटपर्यंत पोचताना जवळपास निम्मा वेग गमावून बसलेला असतो.

टॉसच्या, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवण्याच्या, बाबतीत मी अण्णांच्या पक्षात आहे. त्यांचा टॉस बुटका. चेंडू वर जाऊन थबकतो तिथेच ते गाठतात. नात उंच उडवते आणि अर्धा मीटर खाली आल्यावर मारते. गणित करून पाहिलं. शिखराजवळच्या शेवटच्या 10 सेंटिमीटरमध्ये चेंडू वर जाताना आणि खाली येताना मिळून 0.29 सेकंद घुटमळतो. अर्धा मीटर पडून आलेला चेंडू तेवढंच अंतर 0.03 सेकंदात पार करतो. म्हणजे वेळ साधायची खिडकी नऊपट अरुंद. उंच टॉसचे फायदे आहेत: पाय वाकवून वर सुटायला सवड मिळते, पडत्या चेंडूला थोडी वरची फिरकीही फुकटात लाभते. ज्यांच्याकडे पायांचं काम पक्कं आहे त्यांनी ते घ्यावेत. रविवारी सकाळी डबल्स खेळून पोह्यांच्या गाडीवर जाणाऱ्या आम्हा लोकांनी आकाशात चेंडू हरवण्यात अर्थ नाही. वारा सुटला तर बघायलाच नको.

हल्ली आणखी एक फॅशन आहे. एक हात वर, रॅकेट डोक्यामागे, गुडघे वाकलेले, अशा अवस्थेत पोरं पुतळ्यासारखी थांबतात. छायाचित्रात ती सुंदर दिसते म्हणून कोचही खूश. पण ताणलेला स्नायू लगेच सोडला तरच साठलेली ऊर्जा परत मिळते. सेकंदभर थांबलात तर निम्म्याच्या आसपास ऊष्णतेत विरून जाते. अण्णांची सर्व्हिस कुठेच थांबत नाही. दोन्ही हात एकत्र खाली, एकत्र वर, घड्याळाच्या लंबकासारखी. त्याउलट अँडी रॉडिकसारखे खेळाडू रॅकेट खाली न नेता थेट वर उचलत. अशा आखूड घेण्यानं त्यानं 2004च्या डेव्हिस कपमध्ये ताशी 249 किलोमीटरची सर्व्हिस केली. मोजमापं सांगतात की लांब घ्या नाहीतर आखूड, वेगात फारसा फरक पडत नाही. लय मोडली की पडतो.

उंचीचं काही करता येत नाही, तो आईबापांचा प्रश्न. जाळी मध्यभागी 91.4 सेंटिमीटर उंच. सर्व्हिस बॉक्सच्या, म्हणजे सर्व्हिस जिथे पडायला हवी त्या चौकोनाच्या, मागच्या रेघेपासून जाळीवरून सरळ दोरी ताणली तर ती बेसलाइनवर 2.6 मीटर उंचीवर येते. गुरुत्वाकर्षण नसतं तर त्याहून खालून मारलेली सपाट सर्व्हिस आत पडलीच नसती. सुदैवानं जोरदार सर्व्हिसही वाटेत 70-एक सेंटिमीटर खाली येते. 2.08 मीटर उंचीच्या जॉन इस्नरला या हिशेबाची फिकीर नव्हती. 2016 साली त्यानं 253 किलोमीटरचा विक्रम केला. आणि सर्व्हिसमध्ये जोर नसलेले आपले रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले, हेही याच खेळात घडलं.

अण्णांचा एक जुना दावा आहे, ज्यावर कोर्टावर सगळे हसतात. "मे महिन्यात माझी सर्व्हिस जास्त जोरात बसते." मीही हसायचो. मग हिशेब केला. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ आहेच. जानेवारीच्या सकाळी दहा अंश आणि मेच्या दुपारी चाळीस अंश, यांत हवेची घनता आणखी दहा टक्क्यांनी घटते. 200च्या वेगाच्या सर्व्हिसला टप्प्यापाशी चार-पाच किलोमीटर जास्त मिळतात, अण्णांच्या सर्व्हिसला अडीच-तीन. शिवाय तापलेला चेंडू उसळतोही जास्त. म्हातारा बरोबर होता. मे महिन्यात फोन घेऊन चित्रं मोजायचं आमचं ठरलंय. दुपारी बारा वाजता त्या मातीवर उभं राहायला नात मात्र अजून तयार नाही.