म्हातारं न होणं वेगळं, न मरणं वेगळं

महाभारतात हे दोन वर दोन वेगळ्या माणसांच्या वाट्याला आले. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली म्हातारपण आलं, तेव्हा त्याने धाकट्या मुलाकडून, पुरूकडून, तारुण्य मागून घेतलं आणि हजार वर्षं उपभोगलं. मरण टळावं असं काही त्याने मागितलं नव्हतं. अश्वत्थाम्याचं उलट झालं. कपाळावरचा मणी गेला आणि रक्तपुवाच्या दुर्गंधीसकट तीन हजार वर्षं एकटा भटकशील, असा कृष्णाचा शाप मागे लागला. लोकांनी ती तीन हजारांची मुदत केव्हाच पुसून त्याला चिरंजीव करून टाकलं. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्रा भरते, आणि नर्मदेची परिक्रमा करून आलेल्यांपैकी कुणीतरी, जखमेवर घालायला तेल मागणारा उंचापुरा माणूस भेटला होता, असं सांगतोच.

विज्ञानाच्या बातम्यांत मात्र या दोन वरांची सर्रास खिचडी होते. ‘अमरत्वाचं रहस्य सापडलं’ असा मथळा वाचून आत शिरावं, तर मजकूर असतो उंदराच्या पेशी तरुण झाल्याचा. तो शोध खरा असेलही, पण त्याचा अमरत्वाशी संबंध फार थोडा आहे.

म्हातारपण म्हणजे नेमकं काय, याचं सर्वांत रोखठोक उत्तर विम्याच्या धंद्यातून आलं. लंडनचा विमागणिती बेंजामिन गोम्पर्ट्झ याने १८२५ साली दाखवून दिलं की वयात आलेल्या माणसाची वर्षभरात मरण्याची शक्यता वयाबरोबर नुसती वाढत नाही, ती ठरावीक काळाने दुप्पट होत जाते. आजच्या आकड्यांत ही दुप्पट साधारण दर आठ वर्षांनी होते. म्हणजे चाळिशीपासून ऐंशीपर्यंत पाच दुपटी, एकूण ३२ पट. टर्म इन्शुरन्स तिशीत घेतला तर हप्ता हलका आणि पन्नाशीत घेतला तर डोळे पांढरे होतात, ते यामुळेच. पिकलेले केस, दुखणारे गुडघे ही वरवरची लक्षणं. आलेखावरचा हा चढ म्हणजे खरं म्हातारपण.

हा चढ सपाट झाला की प्राणी म्हातारा होत नाही, असं म्हणता येतं. अमर व्हायचं तर ती रेषा शून्यावर यावी लागेल. सपाट आणि शून्य, एवढाच फरक आहे, पण त्यात सगळं आलं.

सपाट रेषेचे प्राणी खरोखर आहेत. शाळेच्या जीवशास्त्रात भेटलेला हायड्रा आठवत असेल. गोड्या पाण्यातला, काही मिलिमीटर लांबीचा, भुजा पसरून बसणारा जीव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर बरंच काम झालं आहे. त्याच्या मूळ पेशी सतत विभागत राहतात आणि अंग सतत नवं होत राहतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,२५६ हायड्रा बारा गटांत वर्षानुवर्षं सांभाळले होते. त्यांतला सर्वांत जुना गट ४१ वर्षांहून अधिक वयाचा होता. मृत्यूचं प्रमाण अत्यंत कमी, आणि मुख्य म्हणजे वयाबरोबर न वाढणारं. तरी मरतात ना? मरतात. तळ्यात तर फारच लवकर, कारण तिथे त्यांना खाणारे असतात. पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट हा बिनकेसांचा, पुढे दात आलेला उंदीर तसाच. तीन हजारांहून जास्त जनावरांच्या नोंदी तपासून २०१८ साली निष्कर्ष निघाला की वय वाढलं तरी त्याची मरण्याची शक्यता वाढताना दिसत नाही. घरातला उंदीर तीन-चार वर्षांत संपतो, हा तिशी ओलांडतो. पण तोही मरतोच.

याहून चमत्कारिक उदाहरण माणसांचंच आहे. इटलीत १०५ वर्षं पार केलेल्या जवळपास ३,८०० जणांच्या नोंदींवरून २०१८ साली एक दावा झाला: या वयानंतर मृत्यूची शक्यता वाढायची थांबते. म्हणजे रेषा सपाट! फक्त ती सपाट झाली आहे वर्षाला जवळजवळ ५० टक्क्यांवर. दर वाढदिवसाला नाणेफेक. सलग दहा वेळा छापा पडायची शक्यता १,०२४ मध्ये एक. (जुन्या वयनोंदींतल्या चुकांमुळे रेषा सपाट दिसते, असं म्हणणारे संशोधकही आहेत.) शंभरी पार केलेल्यांचं म्हातारपण ‘थांबलं’ असा मथळा यावरूनही करता येईल, आणि तो तांत्रिकदृष्ट्या खोटाही ठरणार नाही.

आता समजा, औषध निघालं आणि माणूस कायमचा पंचविशीत राहिला. कॅन्सर नाही, हृदयविकार नाही, साथीचे रोगही नाहीत. राहिले फक्त रस्ते. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार माणसं गेली. लोकसंख्येच्या हिशोबात साधारण ८,४०० मागे एक. एवढा एकच धोका शिल्लक ठेवला तरी पाच हजार आठशे वर्षांच्या आसपास निम्मे लोक गेलेले असतील. त्यात बुडणं, पडणं, वीज, साप, खून आणि युद्ध मिळवा. मला वाटतं, असा माणूस आपल्यापेक्षा कितीतरी भित्रा असेल. आज पंच्याहत्तरीचे आजोबा रस्ता ओलांडताना दहाएक वर्षं पणाला लावतात. तो हजारो लावेल. बिनाहेल्मेट गाडी काढणारा मात्र तेव्हाही कुणीतरी असेलच.

याची दुसरी बाजू हिरण्यकशिपूने दाखवली आहे. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, अशी एकेक वाट बंद करत तो गेला आणि उंबरठ्यावर गाठला गेला. आपलं वैद्यक आजवर बहुतेक याच पद्धतीने चाललं आहे: एकेक रोग घ्यायचा, त्याची वाट बुजवायची. लहान मुलांच्या बाबतीत त्याने कमाल केली, सरासरी आयुर्मान वाढलं ते मुख्यतः त्यामुळे. पण उतारवयात त्याचा लाभ आटतो. अमेरिकेच्या आकड्यांवर १९९० साली मांडलेल्या हिशोबात सगळा कॅन्सर नाहीसा केला तरी सरासरी आयुर्मान जेमतेम तीन वर्षांनी वाढत होतं. एक दार लावलं तरी चढ तोच राहतो आणि शेजारचं दार उघडतं.

म्हणून संशोधक चढालाच हात घालू बघतात. यात एक जुनी मेख आहे. लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा विभागतात आणि थांबतात. ही मर्यादा मोडलेल्या मानवी पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत: हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून १९५१ साली घेतलेल्या. पेशी राहिल्या, हेन्रिएटा त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेल्या. पेशीचं अमरत्व शरीराच्या जिवावर उठतं, आणि पेशींना घातलेला लगाम बहुधा त्यासाठीच आहे.

शिन्या यामानाका यांनी २००६ साली चार जनुकांच्या जोरावर उंदराच्या कातडीच्या पेशी भ्रूणावस्थेसारख्या करून दाखवल्या. २०१२ चं नोबेल त्यांना मिळालं. २०१६ साली हीच जनुकं थोडा थोडा वेळ चालू-बंद केल्यावर अकाली वार्धक्याचा आजार असलेले उंदीर सुमारे ३० टक्के जास्त जगले. ती सतत चालू ठेवली तर अंगात गाठी होतात आणि उंदीर मरतात. तरुण करायचं, पण पेशीने आपण यकृत आहोत की कातडी हे विसरता कामा नये, यावर सध्या पैसा आणि डोकी दोन्ही खर्ची पडत आहेत. माणसाचं म्हातारपण थांबवतं असं सिद्ध झालेलं औषध आजतरी एकही नाही, आणि जे निघेल त्याच्या डबीवर ‘अमरत्व’ लिहिलं असेल तर ते डबी छापणाऱ्याने लिहिलेलं असेल.