वजन, भूल आणि फुप्फुसांतील शिल्लक हवा

पाळीत होणारा अतिरक्तस्राव, गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी किंवा अंडाशयातील गाठ अशा एखाद्या कारणासाठी शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यायला गेलेल्या लठ्ठ स्त्रीला तपासणीच्या खोलीत एक वाक्य वारंवार ऐकावे लागते : “आधी दहा-पंधरा किलो वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू.” या वाक्यामागचे कारण सहसा सांगितले जात नाही, आणि कारण न सांगता दिलेला सल्ला ऐकणारीला दोषारोपासारखा वाटतो. घरी त्याचा अर्थ असा लावला जातो, की पोटावर चरबीचा थर जाड आहे, तो कापणे अवघड जाते, म्हणून डॉक्टर टाळत आहेत. ही समजूत अगदीच खोटी नाही. पण मोठी अडचण पोटावरच्या चरबीत नसून छातीत, फुप्फुसांत शिल्लक राहणाऱ्या हवेत आहे. ती समजून घेतली, तर डॉक्टरांची चलबिचल कोठे रास्त आहे आणि कोठे नाही, हे रुग्णालाही ओळखता येते.

लठ्ठपणा मोजण्याचे नेहमीचे माप म्हणजे बॉडी मास इंडेक्स (बीएमआय), अर्थात किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. बेल्जियमचे अ‍ॅडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात हे गुणोत्तर मांडले ते लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. एका व्यक्तीचे ऑपरेशन करावे की नाही, हे ठरवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. जगभर हा आकडा ३० झाला की लठ्ठपणा मानतात. भारतीयांमध्ये मात्र कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर जडतो, म्हणून आपल्याकडील तज्ज्ञांनी ही रेषा २५ वर आणली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक आढळला. तेव्हा हे वाक्य थोडक्याच जणींच्या वाट्याला येते, असे मानण्याचे कारण नाही.

या प्रश्नाला एक क्रूर वळण आहे, आणि ते रसायनशास्त्राचे आहे. चरबीच्या पेशींमध्ये अ‍ॅरोमॅटेज नावाचे एक विकर असते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आणि अंडाशय यांतून येणाऱ्या अँड्रोस्टेनडायोन या पुरुषी धाटणीच्या संप्रेरकाचे ते इस्ट्रोन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते. चरबी जितकी जास्त तितके हे रूपांतर जास्त, आणि इस्ट्रोन गर्भाशयाचे अस्तर वाढवते. त्यातच लठ्ठपणामुळे बीजनिर्मिती अनियमित झाली, की गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन पुरेसे तयार होत नाही, आणि अस्तर जाड होत जाते. बीएमआय ५ अंकांनी वाढला की या अस्तराच्या कर्करोगाचा धोका सुमारे १.६ पट होतो. शस्त्रक्रिया अवघड करणारे वजनच शस्त्रक्रियेची गरजही वाढवते, हे ज्याने लक्षात घेतले नाही त्याने “आधी वजन उतरवा” हा सल्ला विचार न करता दिला, असे मी म्हणेन. वाट पाहायचीच असेल, तर पाळी अनियमित असलेल्या किंवा पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झालेल्या स्त्रीच्या अस्तराचा तुकडा तपासून मगच ती पाहिली पाहिजे.

आता फुप्फुसांकडे वळू. आपण सहजपणे श्वास बाहेर सोडतो तेव्हा फुप्फुसे रिकामी होत नाहीत. फुप्फुसांच्या ऊतींचा कल आकसण्याकडे असतो, तर बरगड्यांच्या पिंजऱ्याचा कल बाहेर फाकण्याकडे असतो. हे दोन जोर जेथे समसमान होतात तेथे छाती थांबते. त्या क्षणी आत जी हवा राहते, तिला शरीरशास्त्रात फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी म्हणतात. या लेखापुरते आपण तिला शिल्लक हवा म्हणू. उभ्या असलेल्या निरोगी प्रौढ व्यक्तीत ती साधारण अडीच लिटर असते. गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर नळाचे पाणी गेल्यावरही घर काही वेळ चालते, तसे श्वास थांबल्यावर शरीर या साठ्यावर चालते.

माणूस पाठीवर आडवा झाला, की पोटातील अवयव श्वासपटलाला छातीकडे ढकलतात आणि हा साठा अर्धा ते एक लिटरने घटतो. भूल दिल्यावर स्नायूंचा ताण सैल पडतो, श्वासपटल आणखी वर सरकते आणि आणखी सुमारे अर्धा लिटर हवा कमी होते. सडपातळ व्यक्ती हे सारे सहज पेलते. पोटाच्या घेरात चरबी असलेल्या व्यक्तीत मात्र सुरुवातच कमी साठ्याने होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार बीएमआय ३० असलेल्यांची शिल्लक हवा बीएमआय २० असलेल्यांच्या ७५ टक्केच भरली, आणि जोर लावून बाहेर टाकता येणारा तिच्यातील जादा हिस्सा तर ४७ टक्क्यांवर आला. ही घट सर्वांत वेगाने होते ती अतिलठ्ठ अवस्थेत नव्हे, तर वजन वाढू लागते त्या पहिल्या टप्प्यात, हे मला या मोजमापांतले सर्वांत लक्षणीय वाटते.

भूल देताना एक काळ असा येतोच, की इंजेक्शनने श्वास थांबलेला असतो आणि श्वासनलिकेत नळी अजून बसायची असते. साधे गणित करू. आडव्या झालेल्या सडपातळ स्त्रीच्या फुप्फुसांत दोन लिटर हवा आहे असे समजा. वायुकोशांतील हवेत प्राणवायू सुमारे १४ टक्के, म्हणजे एकूण २८० मिलिलिटर. शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर खर्च करते, म्हणजे पुरवठा मिनिटभराचा. म्हणून भूलतज्ज्ञ आधी काही मिनिटे मास्कने शुद्ध प्राणवायू देतात. त्याने नायट्रोजन धुऊन निघतो, साठ्यात जवळपास १.८ लिटर प्राणवायू भरतो आणि सात मिनिटांची सोय होते. अतिलठ्ठ स्त्रीत साठा एक लिटरचा आणि खर्च मिनिटाला ३०० मिलिलिटरचा धरला, तर हीच सोय तीन मिनिटांवर येते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रत्यक्ष असेच दिसले : रक्तातील प्राणवायूची पातळी ९० टक्क्यांवर उतरायला सर्वसाधारण वजनाच्या रुग्णांत सरासरी ३६४ सेकंद लागले, अतिलठ्ठ रुग्णांत १६३. नळी पहिल्या प्रयत्नात बसली तर हा फरक जाणवतही नाही. मान आखूड असल्यामुळे किंवा घशाभोवतीच्या चरबीमुळे दुसऱ्या प्रयत्नाची वेळ आली, तर हीच दोनशे सेकंदे निर्णायक ठरतात.

स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेत याच्यावर आणखी दोन भार पडतात. गर्भाशय ओटीपोटाच्या तळाशी असते आणि त्याच्यावर आतडी पसरलेली असतात. दुर्बिणीतून काम करताना ती बाजूला सरकावीत म्हणून टेबल डोक्याकडे खाली कलते केले जाते. जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबर्ग यांच्या नावाने ही स्थिती ओळखली जाते आणि ती १८८५ मध्ये वैद्यकीय लिखाणात आली. शिवाय जागा मिळावी म्हणून पोटात १२ ते १५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात. परिणामी पोटातील चरबी, आतडी आणि वायू यांचे सारे ओझे श्वासपटलावर येऊन पडते. “माझ्या जावेचे वजन माझ्याइतकेच, तिचे पित्ताशय दुर्बिणीतून काढले, मग माझेच ऑपरेशन का अडते?” या रास्त प्रश्नाचे उत्तर येथे आहे : पित्ताशयाच्या वेळी टेबल उलट, डोक्याकडे वर केलेले असते आणि पोटाचे वजन फुप्फुसांपासून दूर जाते.

यापुढची पायरी थोडी किचकट आहे, पण तीच सर्वांत महत्त्वाची. फुप्फुसांच्या तळाकडील बारीक श्वासनलिका आतील हवेचे आकारमान एका मर्यादेखाली गेले की मिटतात. सडपातळ तरुण व्यक्तीत ही मर्यादा शिल्लक हवेच्या बरीच खाली असते, म्हणून नेहमीच्या श्वासात त्या कधी मिटत नाहीत. शिल्लक हवाच या मर्यादेखाली उतरली, तर प्रत्येक श्वासात काही नलिका मिटलेल्या राहतात. त्यांच्या पलीकडच्या वायुकोशांतून रक्त वाहत राहते, पण त्याला प्राणवायू मिळत नाही, आणि ते निळसर रक्त तसेच हृदयाकडे परतून शुद्ध रक्तात मिसळते. याला शंट म्हणतात. येथे मास्कमधून किंवा नळीतून प्राणवायूचे प्रमाण वाढवून फारसा उपयोग होत नाही, कारण मिटलेल्या दाराआड तो पोचतच नाही. दार उघडावे लागते, आणि ते उघडते दाबाने : श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत थोडा दाब राखण्याची सोय व्हेंटिलेटरमध्ये असते, आणि अधूनमधून मोठा, सावकाश श्वास देऊन बंद पडलेले भाग फुलवता येतात.

या अडचणीवरील उपाय असे साधे आणि माहितीतले आहेत, आणि म्हणूनच निव्वळ आकड्यावर बोट ठेवून दिलेला नकार मला मान्य नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अतिलठ्ठ रुग्णांना सपाट झोपवण्याऐवजी डोक्याकडून २५ अंश उंच करून प्राणवायू दिला, तेवढ्यानेच श्वास थांबल्यावरची सुरक्षित वेळ सरासरी १५५ सेकंदांवरून २०१ सेकंदांवर गेली. खांद्यांखाली आणि डोक्याखाली चादरींच्या घड्या अशा रचतात, की कानाचे छिद्र आणि छातीचे हाड एका आडव्या रेषेत यावे. पहिला छेद घेण्यापूर्वी टेबल काही मिनिटे कलते करून व्हेंटिलेटरवरचे दाब पाहता येतात. फुप्फुसांना तो कल पेलवला नाही, तर टेबल सरळ करून बेत बदलता येतो. कल कमी ठेवता येतो, वायूचा दाब कमी ठेवता येतो. गर्भाशयाची पिशवी खाली उतरलेली किंवा सुटी असेल, तर ती खालच्या, म्हणजे योनीच्या मार्गाने, पोटावर एकही छेद न घेता काढता येते. त्यात वायू भरावा लागत नाही आणि कमरेतून भूल देऊन रुग्ण स्वतःच श्वास घेत राहते.

जखमेचा प्रश्नही खरा आहे. चरबीला रक्तपुरवठा कमी, म्हणून मोठ्या छेदात जंतुसंसर्ग लवकर होतो. पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. प्रतिजैविकाची नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. नेमक्या याच कारणांनी लठ्ठ स्त्रीला मोठ्या छेदापेक्षा दुर्बिणीचा किंवा खालचा मार्ग अधिक लाभतो, असे अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले. अर्थात दुर्बिणीने सुरू केलेले काम पोट उघडून पुरे करावे लागण्याची शक्यता वजनाबरोबर वाढते. गर्भाशयाच्या कर्करोगावरील २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत बीएमआय २५ असताना हे प्रमाण १७.५ टक्के होते, ४० च्या वर ५७ टक्के. ही शक्यता आधी सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

आणि एक गोष्ट आपल्या गावांतील रुग्णालयांना धरून. तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ सहसा त्या रुग्णालयाचा नसतो. तो सकाळपासून या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये फिरत असतो आणि रुग्णाला पहिल्यांदा पाहतो तो ऑपरेशनच्या दिवशीच. जवळ अतिदक्षता विभाग नाही, टेबलाची वजन पेलण्याची मर्यादा ठाऊक नाही, अशा जागी स्त्रीरोगतज्ज्ञ कचरत असेल, तर ती चलबिचल प्रामाणिक आहे. पण मग सांगायचे ते “येथे नको, जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करा” असे. रुग्णाला नुसते वजन उतरवायला घरी पाठवणे हे त्याचे उत्तर नव्हे. उलट बाजूही आपण पाहिली आहे : बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये औषधांचा पर्याय न पाहता काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे उपकरण यांनी रक्तस्राव आटोक्यात येत असेल, तर सबुरी हाच उपचार असतो.

वजन उतरवण्याचा सल्ला दिला, तर त्याला लागणारा वेळही सांगितला पाहिजे. सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनच्या गाजलेल्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन घटायला ६८ आठवडे लागले. हिमोग्लोबिन सातवर आलेल्या बाईला तेवढी सवड नसते. ‘चरबी जाळणारे’ काढे, पोटाला बांधायचे पट्टे आणि महिनाभराचे कडक उपास यांनी फुप्फुसांतील हवा वाढत नाही. उपासाने प्रथिने घटून जखम भरणे मात्र लांबते. २०२५ मध्ये वजन घटवण्यासाठी भारतात आलेल्या सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडच्या इंजेक्शनांचा सध्या मोठा गाजावाजा आहे. ती उपयोगी आहेतच, पण त्यांनी जठर सावकाश रिकामे होते आणि उपाशी असूनही भुलेत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो, म्हणून आठवड्याचे इंजेक्शन चालू असल्यास भूलतज्ज्ञाला ते आवर्जून सांगावे. मधुमेह असेल तर तो आटोक्यात आणणे, हिमोग्लोबिन वाढवणे, तंबाखू आणि मिसरी सोडणे आणि रोज चालणे यांचा लाभ मात्र काट्यावरचा आकडा हलण्याआधीच मिळू लागतो.

रुग्णाने भूलतज्ज्ञाची भेट ऑपरेशनच्या आधी काही दिवस मागून घ्यावी, आणि तेथे आपल्या झोपेबद्दल बोलावे : घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू जाते का, झोपेत श्वास अडकल्याचे कोणी पाहिले आहे का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का. झोपेत श्वासमार्ग मिटण्याचा विकार लठ्ठपणात बराच आढळतो आणि पुष्कळदा तो ओळखलेलाच नसतो. वेदनाशामक म्हणून दिलेल्या अफूजन्य औषधांनी तो ऑपरेशननंतरच्या रात्री बळावू शकतो. तो आहे हे ठाऊक असेल, तर ती औषधे कमी वापरून इतर वेदनाशामकांवर भर देता येतो, रुग्णाला उशाकडून उंच ठेवता येते आणि रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवता येतो. ज्यांना सीपॅप यंत्र, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, दिलेले आहे त्यांनी ते मास्कसकट रुग्णालयात सोबत न्यावे आणि भूल उतरल्यावर, दुपारच्या डुलकीतही, लावावे.