विंडलस व कालव्याच्या इतर चाव्या

विंडलस म्हणजे इंग्लंड आणि वेल्समधील कालव्यांवर लॉकच्या, म्हणजे होडीला चढ-उतार पार करवणाऱ्या पाण्याच्या खोलीच्या, झडपा उघडण्या-मिटण्यासाठी वापरायचे काटकोनात वाकवलेले धातूचे हँडल. एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक, एवढेच त्याचे रूप. ते होडीवाल्याने स्वतःचे स्वतः बाळगायचे असते, कारण या कालव्यांवरच्या बहुतेक लॉकवर ते चालवायला कोणी कर्मचारी नसतो. विंडलसच्या जोडीला दोन-तीन चाव्या आणि काठाला होडी बांधण्याची व होडी पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा मोकळा करण्याची अवजारे लागतात. या सर्वांचा विचार या नोंदीत केला आहे.

महाराष्ट्रात कालवा म्हटला की शेतीचे पाणी डोळ्यांपुढे येते. धरणातून कालवा, कालव्यातून चारी, चारीतून पाट, आणि दार उघडायचे ते पाटकऱ्याने. इंग्लंडमधले कालवे खोदले गेले ते मालवाहतुकीसाठी. आज तिथे बहुतांशी हौशी प्रवासी आणि होडीतच घर करून राहणारे लोक दिसतात. २०१२ मध्ये सरकारी ‘ब्रिटिश वॉटरवेज’कडून इंग्लंड-वेल्समधील कालवे ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आले. तिच्याकडे सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग आहेत. होडीला परवाना लागतो, पण ती चालवणाऱ्याला लागत नाही. आठवड्याभरासाठी होडी भाड्याने घेतलेल्या कुटुंबाच्या हाती विंडलस दिला जातो आणि तेवढ्या दिवसांपुरते ते कुटुंबच पाटकरी होते. या हँडलाकडे निव्वळ सहलीचे सामान म्हणून पाहणे चूक आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

लॉक म्हणजे चढ-उतारावर बांधलेली, दोन्हीकडे दरवाजे असलेली पाण्याची खोली. अरुंद कालव्यांवर ती साधारण ७ फूट रुंद आणि ७२ फूट लांब असते, आणि तिच्यातून जाणारी नॅरोबोट, म्हणजे लांबट अरुंद होडी, ६ फूट १० इंच रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम दोन इंचांची फट. वर जायचे असेल तर होडी रिकाम्या खोलीत घ्यायची आणि खालचे दरवाजे लावायचे. मग वरच्या टोकाच्या झडपेच्या यंत्राजवळ जाऊन तिथल्या चौकोनी दांड्यावर विंडलस पक्का बसवायचा आणि फिरवायला लागायचे. पहिले दोन वेढे जड जातात. दातेरी पट्टी एकेक दात वर सरकते, खटका प्रत्येक दातावर टक्‌ टक्‌ वाजत पडतो आणि पायाखाली कुठेतरी पाणी घुमायला लागते. जमिनीतल्या झडपा आधी उघडायच्या. दरवाजातल्या झडपा पाण्याखाली गेल्याशिवाय उघडायच्या नाहीत, नाहीतर पाण्याचा लोट थेट होडीच्या पुढच्या टोकावर कोसळतो. खोली भरली की दरवाजाच्या लांब वाशाला पाठ लावून रेटायचे. दोन्हीकडची पातळी समान झाली नसेल तर कितीही जोर लावा, दरवाजा हलत नाही. झाली असेल तर लहान मूलही तो ढकलू शकते.

एका अरुंद लॉकमधून एका वेळी लाखाहून अधिक लिटर पाणी खालच्या टप्प्यात जाते. रुंद लॉकमध्ये त्याच्या दुप्पट. हे पाणी डोंगरमाथ्यावरच्या तलावांतून येते आणि कोरड्या उन्हाळ्यात ते पुरत नाही. शेवटची झडप पुरती न उतरवता कोणी निघून गेले, तर रात्रीतून दोन लॉकमधला टप्पा रिता होतो आणि सकाळी तिथल्या होड्या चिखलात कलंडलेल्या सापडतात. बाहेर पडताना सगळ्या झडपा उतरल्या आहेत ना, हे डोळ्यांनी पाहून मगच विंडलस खांद्याला लावावा.

विंडलस दांड्यावर तसाच सोडून जाऊ नये, हा इथला पहिला नियम. खटका निसटला तर झडप आपल्या वजनाने खाली येते, दांडा गरगर फिरतो आणि त्यावर राहिलेले हँडल मनगट मोडू शकते किंवा सुटून कोणाच्या तोंडावर बसू शकते. झडप उतरवतानाही ती फिरवूनच उतरवावी. दुसरा धोका होडी लॉकमधून खाली उतरताना असतो. लॉकच्या वरच्या दरवाजापाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. भिंतीवर पांढरी रेघ मारून त्याची जागा दाखवलेली असते. होडीचा मागचा भाग त्या रेघेच्या मागे राहिला तर पाणी उतरता उतरता तो उंबऱ्यावर अडकतो, पुढचा भाग खाली जात राहतो आणि काही मिनिटांत होडी बुडू शकते. अशा वेळी खालच्या झडपा ताबडतोब बंद कराव्या लागतात. म्हणून विंडलस हाती असलेल्या माणसाने होडीवरची नजर काढायची नसते.

सगळे दांडे एका मापाचे नाहीत. बहुतेक ठिकाणी लहान माप चालते. १९३० च्या दशकात ग्रँड युनियन कालव्याचा नॅप्टन ते बर्मिंगहॅम हा भाग रुंद केला गेला, तिथल्या यंत्रांना मोठे माप लागते. यासाठी दोन भोकांचे हँडलही मिळते. ॲल्युमिनियमचा विंडलस हलका असतो, आणि दिवसभरात तीस लॉक चढायचे असतील तर खांद्याला तो फरक जाणवतो. वुस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावरच्या टार्डबिगच्या चढणीला एकामागून एक अशी तीस लॉक आहेत. पण विंडलस पाण्यात पडतोच, आज नाही तर उद्या. लोखंडी असेल तर दोरीला बांधलेल्या चुंबकाने तो वर काढता येतो. ॲल्युमिनियमला चुंबक ओळखत नाही. अनुभवी होडीवाले जवळ दोन तरी ठेवतात, त्यातला एक लोखंडी.

मालवाहू होड्यांच्या काळात नावाडी कुटुंबे होडीवरच राहत. पुरुष विंडलस कमरेच्या पट्ट्यात मागे खोचत. घरातले कोणीतरी सायकलवर पुढे जाऊन पुढचे लॉक तयार ठेवी, म्हणजे होडीला थांबावे लागत नसे. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच खंगलेली ही वाहतूक बहुतेक संपली.

शहरी भागात वाटसरूंनी किंवा उनाड पोरांनी झडपा उघडू नयेत म्हणून यंत्रांना कुलपे घालतात. ती उघडायला टी आकाराची छोटी किल्ली लागते. तिला ‘हँडकफ की’ म्हणतात. लीड्स-लिव्हरपूल, रॉचडेल, हडर्सफील्ड या उत्तरेकडच्या कालव्यांवर ती नसेल तर प्रवास जागच्या जागी थांबतो. काम झाल्यावर कुलूप परत लावणे हाही त्या किल्लीचा भाग आहे.

सर्वांत जास्त वापरात असते ती ‘वॉटरमेट’ चावी. जुने लोक अजून तिला ब्रिटिश वॉटरवेजच्या नावावरून ‘बी. डब्ल्यू. की’ म्हणतात. दिसायला साधी दाराची चावी, पण देशभर एकच. पिण्याच्या पाण्याचे नळ, संडास रिकामे करण्याची जागा, न्हाणीघरे आणि विजेवर चालणारे पूल या सगळ्यांना ती लागते. विजेच्या पुलाच्या नियंत्रण-फळ्यावर ती फिरवली की रस्त्यावर फाटके पडतात, गाड्या थांबतात आणि पूल उघडतो. पूल पुन्हा मिटून फाटके वर जाईपर्यंत चावी फळ्यातून निघत नाही. होडी पुढे नेऊन पूल उघडा टाकून जाणे त्यामुळे शक्य होत नाही. ही रचना ज्याने केली त्याला माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक होता. चावीला बुचाचा गोळा अडकवतात, म्हणजे ती पाण्यात पडली तरी तरंगते.

नद्यांचे नियम वेगळे. थेम्सवर लॉकरक्षक असतात आणि विंडलस लागतच नाही. नेन नदी ‘एन्व्हायर्नमेंट एजन्सी’कडे असल्याने तिथे त्या खात्याची वेगळी चावी घ्यावी लागते. यॉर्कशरमधील काल्डर-हेबल जलमार्गावर काही झडपांना अजून हँडस्पाइक लागतो, म्हणजे निमुळत्या टोकांचा जाड लाकडी दांडका. तो चाकाच्या खाचेत घालून वर रेटायचा, पुन्हा काढायचा, पुढच्या खाचेत घालायचा. दुकानातला मिळाला नाही तर सुतार करून देईल इतका तो साधा आहे.

होडी काठाला बांधायला लोखंडी मेखा आणि छोटा घण लागतो. काठाला पोलादी पत्रे ठोकलेले असतील तर मेख नको. पत्र्यात अडकणारे आकडे आणि साखळ्या पुरतात. मेखेवर पांढरी पिशवी किंवा टेनिसचा चेंडू लावावा, कारण कालव्याकाठच्या पायवाटेवरून अंधारात माणसे सायकली चालवतात. शेजारून जाणारी होडी वेगात गेली तर पाण्याच्या ओढीने मेखा उपटतात. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, आणि बांधलेल्या होड्यांजवळून जाताना त्याहूनही सावकाश जावे. लांब बांबूसारखा खांब गाळात रुतलेली होडी ढकलायला, आणि काठावर उतरायला फळी, या दोन गोष्टी छपरावर कायम असतात.

उरते ते पंख्याचे काम. प्लास्टिकच्या पिशव्या, मासेमारीची तार, गालिचाचे तुकडे, शहरात कधी साडीसुद्धा पंख्याला गुंडाळते. होडीच्या मागच्या बाजूला पंख्याच्या बरोबर वर एक झाकण असते. इंजिन बंद करून त्याची चावी खिशात टाकायची, झाकण उघडायचे आणि बाही कोपराच्या वर सरकवून थंड पाण्यात हात घालायचा. कापायला पाव कापायची दातेरी सुरी उत्तम. तारेसाठी पक्कड आणि करवत. गुंता उलट दिशेने सोडवत न्यावा, आणि कापलेला तुकडा पाण्यात परत न टाकता वर घ्यावा, नाहीतर तो मागून येणाऱ्या होडीच्या पंख्यात जातो. झाकण घट्ट आवळल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. सैल राहिले तर पंख्याने उडवलेले पाणी आत शिरते, आणि ते होडीच्या तळाशी साचत असताना वर सुकाणू धरलेल्या माणसाला पत्ता लागत नाही.