ओकचं पिंप आणि ‘ब्लेंडेड’ शब्दाचा घोळ

दिंडोरी-गंगापूर पट्ट्यातल्या वायनरीत फेरफटका मारलेल्या नाशिककराला ओकचं पिंप नवीन नाही. पण ते पिंप आतून पापडासारखं शेकलेलं असतं. व्हिस्कीत वापरलं जाणारं अमेरिकी पिंप थेट भरताच्या वांग्यासारखं जाळतात. आत बोट फिरवलं की काजळी लागते. हा कोळसा नुकत्याच गाळलेल्या दारूतला गंधकाचा वास ओढून घेतो. त्याखालच्या भाजलेल्या लाकडातून व्हॅनिला, खोबरं आणि करपलेल्या साखरेची चव उतरते. युरोपीय ओक जास्त तुरट, मसालेदार.

मुळात पिंप म्हणजे वाहतुकीचं भांडं. शेरी, म्हणजे स्पेनची कडक वाईन, ब्रिटनला पिंपांतून यायची, आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडच्या डिस्टिलऱ्या, म्हणजे व्हिस्की गाळणारे कारखाने, उचलायच्या. ब्रिटनमध्ये व्हिस्की मुरवण्याची सक्ती आली १९१५ साली, दोन वर्षांची. लगेच तिची तीन वर्षं झाली. १९३०च्या दशकात अमेरिकेनं बर्बनसाठी, म्हणजे मुख्यतः मक्याच्या आपल्या व्हिस्कीसाठी, नवं, जाळलेलं ओक बंधनकारक केलं. एकदा वापरलेली ही साधारण २०० लिटरची पिंपं मग स्कॉटलंडकडे निघाली. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटल्यांत भरायचं ठरलं आणि ५०० लिटरची शेरीची पिंपं महागली. आज शेरीची म्हणून मिळणारी बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठी मुद्दाम शेरी भरून तयार केलेली असतात.

आता नावाचा घोळ. पर्मिट रूममध्ये ‘ब्लेंडेड’ म्हटलं की माणूस नाक मुरडतो: म्हणजे भेसळीची. पण ब्लेंडेड व्हिस्कीत मॉल्टबरोबर (मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) ग्रेन व्हिस्की (गहू-मक्यासारख्या धान्याची) असते. ब्लेंडेड मॉल्टमध्ये ग्रेनचा थेंब नसतो, फक्त एकाहून अधिक डिस्टिलऱ्यांची सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत गाळलेली मॉल्ट, एकत्र केलेली असतात. पूर्वी हिलाच ‘व्हॅटेड’ किंवा ‘प्युअर’ मॉल्ट म्हणत. २००३ साली स्पेनमधली मागणी भागेना, तेव्हा एका मोठ्या कंपनीनं आपल्या नावाजलेल्या सिंगल मॉल्टमध्ये इतर डिस्टिलऱ्यांचं मॉल्ट मिसळलं. बाटली जवळपास तीच, नाव तेच, फक्त ‘सिंगल’च्या जागी ‘प्युअर’. बाकीचे उत्पादक खवळले, पुढच्या वर्षी माल मागे घ्यावा लागला. स्कॉच व्हिस्कीच्या २००९च्या नियमांनी ‘व्हॅटेड’ आणि ‘प्युअर’ दोन्ही बाद करून ‘ब्लेंडेड मॉल्ट’ हे नाव ठरवलं. दोष ‘प्युअर’चा होता, बळी ‘व्हॅटेड’चाही गेला. मोठ्या टाकीत एकत्र केलेलं, एवढं तरी तो सरळ सांगत होता.

या भांडणात पिंप बाजूलाच राहिलं. मिसळणारा माणूस डिस्टिलरीइतकंच पिंपही बघतो. बर्बनच्या पिंपातला गोडवा, शेरीच्या पिंपातला मनुकांचा स्वाद, आणि तीन-चारदा भरून थकलेल्या पिंपातलं मॉल्ट, ज्यात लाकडापेक्षा धान्यच जास्त बोलतं. मिश्रण पुष्कळदा पुन्हा काही महिने पिंपात ठेवतात, स्वाद एकजीव व्हावेत म्हणून. लेबलवर १२ वर्षं लिहिलं असेल तर ते सर्वांत तरुण मॉल्टचं वय. पिंप कितव्यांदा भरलं होतं, हे क्वचितच छापतात.

दिंडोरीत गाळलेलं सिंगल मॉल्ट २०२२ साली बाजारात आलं, तेव्हा हा विषय जिल्ह्यातही पोचला. स्कॉटलंडच्या गोदामात वर्षाला साधारण २ टक्के दारू उडून जाते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्या कित्येक पट. लाकूडही इथे भराभर उतरतं. बारा वर्षं थांबलं तर पिंपात फारसं काही उरायचं नाही, म्हणून भारतीय मॉल्टच्या बाटल्यांवर वयाचा आकडा बहुधा नसतो.